त्या कागदावरचं ट्रू

ट्रू हा शब्द मले सातवीपासून माहीत आहे, म्हनजे लिवता येत होता, त्याच्या पुढे काही नाई. इंग्रजीचे सर पेपरात दहा वाक्यं देत, प्रत्येक वाक्यापुढे चौकोन, चौकोनात ट्रू नाईतर फॉल्स लिवायचं. वाक्यं वाचता कोनाले येत होते. आमी मागच्या बाकावरच्या चार पोरींनी ठरवूनच टाकलं होतं का सगळ्या चौकोनात ट्रू लिवून द्यायचं, दहातले पाच तरी बरोबर निंघतेच. अन् निंघत होते. सर पेपर वाटताना म्हनत, "काय वं पोरीहो, तुमाले जगात काहीच खोटं दिसत नाई का?" आमी ओढनी तोंडावर घेऊन हासत बसो. नववीत माय बिमार पडली, घरचं पान्याचं-सैपाकाचं माह्यावर आलं, शाळा सुटली, इंग्रजी तिथंच रायलं.

लग्न झाल्यावर तो शब्द अजून एकदा भेटला. रेशन कार्डात माहं नाव चढवाचं होतं म्हनून सानगडीच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेलो, आमचे हे बाहेर गाडीवर बसून होते, मी आत गेली. दुकानदारानं माह्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स काढली अन् एक शिक्का उचलून थाडकन मारला, ट्रू कॉपी. मी म्हनलं, "दादा, अस्सल दाखला तर पाहून घ्या." तो म्हने, "वैनी, मी कायले पाहू? शिक्का माहा, सही तुमची. खालती सही करा अन् व्हा मोकळ्या." मी सही केली अन् मोकळी झाली. माहीत नसलं तवा लिवायचं ते ट्रू, अन् पायलं नसलं तवा मारायचं ते बी ट्रू, असाच माहा हिशेब होता त्या शब्दाचा. त्याचं भेव लागाचं काही कामच नव्हतं.

मंग माही पोरगी झाली.

साकोलीले झाली. मोठ्यानं रडली, हातपाय झाडले, वजनही बरं होतं, पन वरचा ओठ नाकापर्यंत फाटून होता. मी एकडाव पायलं अन् डोळे मिटून घेतले. तिथली सिस्टर म्हने, भेऊ नोको, हे ऑपरेशननं चांगलं होते, खूप लेकराइचं होते. पन मी भेनारीच आहे, कुत्रं भुंकलं तरी मी भेते, अन् हे तर माहं लेकरू. घरी आली तं घरी येगळंच सुरू. आत्याबाई, म्हनजे माही सासू, अन् शेजारच्या दोन बाया अन् ननंद, सगळ्या घेरून बसल्या. मी पोटुशी होती तवा एकडाव सुर्याले गिरान लागलं होतं. गिरानात पोटुशी बाईनं काही कापू नये, चिरू नये, शिवू नये असं आमच्याकडे आहे, नाईतर लेकराचा ओठ फाटते म्हनते. त्या दिवशी मले आत्याबाईनंच खाटेवर आडवी करून ठेवलं होतं, उठू देल्लं नव्हतं, तरी बी त्याच इचारत.

"खरं सांग, काय कापलं?"

"काही नाई कापलं, तुमीच तर होत्या घरी."

"मी एकडाव गोठ्यात गेली होती. याद कर. खरं सांग, कोनी तुले मारत नाई."

"नाई वो कापलं."

"मंग काय उगीच फाटला ओठ?"

असं पंधरा दिवस चाललं, पानी भरायले गेली तर तेच, लेकराले तेल लावत बसली तर तेच. एक दिवस मी थकून म्हनलं, हव, कापले असतील दोन वांगे. झालं. सगळ्या एकदम गप झाल्या, आत्याबाईनं मले चहा करून देल्ला, म्हने, बरं झालं खरं बोलली, मनातलं ओझं उतरलं तुह्या. मी खरं सांगत होती तवा कोनी आयकत नव्हतं, अन् खोटं सांगतलं तवा चहा भेटला. त्या दिवसापासून कोनी मले "खरं सांग" म्हनलं का मले आपन पकडल्या गेलो असंच वाटे, कारन आमच्या घरी खरं सांग म्हनजे गुन्हा कबूल कर.

पोरीले छातीले ओढता येत नव्हतं, ओठच मिटत नव्हता. वाटी-चमच्यानं पाजायचं, तिले उभी धरून, थेंब थेंब, तरी दूध नाकातून वापस यायचं, अन् ठसका लागला का माहा जीव जाऊन येई. अर्धी वाटी दूध पाजायले एक एक तास लागे. सरकारी दवाखान्याकडून गावात फिरनाऱ्या आशाताई घरी येऊन वजन करून जात, त्यांनीच सांगतलं का भंडाऱ्याले एका दवाखान्यात शिबिर राहते, बाहेरून डॉक्टर येतात, असे ओठ फुकटात शिवून देतात, पन लेकरू पाच किलोचं पायजे, सर्दी-खोकला नाई पायजे. पयल्या खेपेले गेलो तं पोरीले खोकला निंघाला, वापस पाठवलं. दुसऱ्या खेपेले नेमकं धानाचे रोवने सुरू, अख्खं घर शेतात, बांधीत, पोरीले ताप, गेलोच नाई. तिसऱ्या खेपेले मी ठरवलं का काही झालं तरी हे हुकू द्यायचं नाई. पोरगी पाच महिन्याची झाली होती, गावात तिले पदरात झाकून न्यायची, कोनी पदर उचलून पायलं का त्याचं तोंड कसं होते ते मीच पायत होती.

आमचे हे साकोलीच्या राईस मिलमधी आहेत, सुटी भेटली नाई, म्हनून मी अन् आत्याबाई दोघीच गेलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती करून घेतलं. संध्याकाळी एक सिस्टर आली, आमच्याच बोलीची, पवनीकडची असन, तिनं सगळ्या मायाइले एकाजागी उभं केलं.

"आयका वं सगळ्या. पहाटे चारले शेवटचं दूध. त्याच्यानंतर दूध नाई, पानी नाई, मध नाई, घुटी नाई. लेकरू कितीही रडू द्या. पोट खाली नसलं तर भुलीत पोटातलं वर येते अन् छातीत जाते, श्वास अटकते, लेकरू जाऊ शकते. समजलं का?"

सगळ्या म्हनल्या हव. आत्याबाई सगळ्यात मोठ्यानं म्हनल्या.

पहाटे चारले मी दूध पाजलं. साडेसातपासून पोरगी रडायले लागली, मी तिले घेऊन व्हरांड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाजूच्या खाटेवर नाकाडोंगरीची एक बाई होती, तिचा पोट्टा चार वर्साचा, त्याचा बी ओठाचाच, तो पोहे मांगून राहिला होता अन् बाई त्याले सांगून राहिली होती का पोहेवाला मेला. साडेआठले पोरीनं कपडे खराब केले. मी तिले आत्याबाईजवळ देल्लं अन् नळावर धुवायले गेली. वापस आली तं पोरगी एकदम गप. गप पाहून मले बरं वाटाले पायजे होतं, मले भेवच लागलं. जवळ जाऊन पायलं तं फाटक्या ओठाच्या फटीत पांढरं. वास घेतला. दही.

"आत्याबाई, काय देल्लं तिले?"

"कुठी काय देल्लं."

"दह्याचा वास येऊन राहिला."

"अवं बोटभर दही-साखर देल्लं. लेकरू एवढ्या मोठ्या कामाले निंघालं, रिकाम्या तोंडानं पाठवू का? तुहा नवरा बारावीच्या पेपरले गेला तवा देल्लं होतं, मिलमधी लागला तवा देल्लं होतं. घरून डबीत घेऊन आली मी, इसरू नये म्हनून कालच बांधून ठेवलं."

"सिस्टरनं काय सांगतलं होतं काल?"

"सिस्टर दूध नोको म्हनली, पानी नोको म्हनली, मध नोको म्हनली. दह्याचं नाव घेतलं का तिनं? नाई घेतलं. मी कान देऊन आयकलं."

मी खाली बसली. मंग आत्याबाईचा आवाज बारीक झाला, त्या माह्या कानापाशी आल्या, म्हने, "आता कोनाले सांगू नोको. सांगतलं तर यादीतून काढून टाकतीन, अन् मंग काय, पुन्हा पुढचं शिबिर, पुन्हा खोकला. बोटभर दह्यानं काही होत नाई."

मी ह्याइले फोन लावला. मिलचं मशीन इतलं मोठ्यानं चालून राहिलं होतं का मले ओरडून सांगा लागलं, अन् दवाखान्यात ओरडून काय सांगू.

"आईनं दही चारलं!"

"काय?"

"दही! पोरीले!"

"चारू दे न मंग! ऑपरेशन झालं का?"

मी फोन ठेवून देल्ला.

सवा नऊले टेबलापाशी बोलावलं. आमचा नंबर दुसरा होता. तीच सिस्टर, पुढे कागद. नाव, गाव, वजन, ताप आहे का, खोकला आहे का, घरात कोनाले दम्याचं आहे का. मी सगळ्याचं उत्तर देऊन राहिली होती अन् माहा जीव पुढच्या प्रश्नावर होता.

"शेवटचं दूध किती वाजता?"

"चारले."

"त्याच्यानंतर काही?"

मागं आत्याबाई उभ्या होत्या. त्याइच्या बांगड्याचा आवाज झाला.

"नाई," मी म्हनलं.

तिनं टिक मारली अन् कागद माह्याकडे फिरवला. वरचे प्रश्न मराठीत होते, खालती दोन ओळी इंग्रजीत, त्याच्या खाली सहीची रेघ. त्या दोन ओळीत मले वळखू आला तो एकच शब्द, ट्रू. बाकीचं मले जसं सातवीत दिसत होतं तसंच दिसलं, मुंग्यासारखं. मी उगीच येळ लावाले इचारलं, "हे काय लिवलं?"

"वर सांगतलेलं तुह्या माहितीप्रमानं खरं आहे, असं लिवलं. कर सही, पुढच्या बाईचा नंबर आहे."

तुह्या माहितीप्रमानं. माहिती तर मले होतीच. डोळ्यानं पायली, नाकानं घेतली. तरी मी सही केली. खरंच केली. मनात म्हनलं, दहातले पाच बरोबर निंघतेच. लेकराच्या जिवावर मी असा हिशेब केला, हे मी आजपर्यंत ह्याइले बी सांगतलं नाई, इथं लिवून राहिली.

मंग पोरीले हिरवा झगा घातला, तिच्या मापाचा नव्हता, पाय दिसतच नव्हते. मी तिले उचलून ऑपरेशनच्या दारापर्यंत नेलं, आत्याबाईले अलीकडेच थांबवलं. दारात एक बुटकी डॉक्टर बाई उभी, तोंडाले मास्क, चष्मा, भूल द्यायचं काम तिचं. तिनं हातात माहा कागद घेतला, वाचला, पोरीच्या छातीले नळी लावली, तोंडात टॉर्च मारून पायलं, अन् मले इचारलं, "चारनंतर काही दिलं नाही ना? कागदावर लिहिलंय, तरी मी सगळ्यांना विचारते. खरं सांग."

खरं सांग म्हनल्याबरोबर मले ते दोन वांगे आठवले. मी खाली पाहत रायली.   मंग डॉक्टर बाई टॉर्च खिशात ठेवून म्हने, "हे बघ, मी तुला रागवणार नाही. तू चांगली आई की वाईट आई, ते मला नकोय. तिच्या पोटात आता काय आहे, तेवढंच मला पाहिजे. जसं वजन पाहिजे तसं."

असं मले आजपर्यंत कोनी म्हनलं नव्हतं. खरं म्हनजे वजन. काट्यावर ठेवलं, आकडा आला, लिवला. त्यात काट्यावर कोनी रागावत नाई, लेकरावर बी नाई. मले एकदम रडू आलं, रडता रडताच तोंडातून निंघालं, "दही. साडेआठले. दही-साखर. सासूबाईनं. मी नव्हती, कपडे धुवायले गेली होती. पन मले माहीत होतं अन् मी सही केली."

 डॉक्टर बाईनं एकदा डोळे मिटून उघडले. मंग आत आवाज देल्ला, "दोन नंबर थांबवा, तीन घ्या," अन् मले म्हने, "सासूबाईंना बोलाव."

आत्याबाई आल्या त्या पदर सावरत, जशा काही फोटो काढाचा आहे.

"आजी, किती दही दिलं?"

"बोटभर."

"एक बोट?"

"एकच... दोन असतीन. लेकरू चाटत होतं न."

"आजी, मी पोलीस नाही. मला चमचे सांगा."

आत्याबाईनं माह्याकडे पायलं. मी पोरीकडे पायलं.

"दोन चमचे," त्या म्हनल्या. "पन बारके चमचे. पातळ नव्हतं देल्लं, घट्ट होतं चांगलं."

"घट्ट होतं. अन् साखर?"

"साखर त लागतेच न बाई. बिनसाखरेचं दही कामाले जाताना देतात का कोनी?"

डॉक्टर बाईच्या मास्कच्या आत हासू आलं का राग, ते समजलं नाई. तिनं बोटावर मोजलं. पोट खाली व्हायले सहा तास, म्हने. म्हनजे अडीचले. पन बाहेरचे डॉक्टर तीनपर्यंतच आहेत. त्यांना इचारून पाहते, थांबले तर आज, नाई थांबले तर पुढच्या शिबिरात. मंग माहा तो कागद माह्याच पुढे टेबलावर ठेवला, "काही नाही" लिवलं होतं त्याच्यावर रेघ मारली, अन् वर लिवलं, साडेआठ, दही दोन चमचे, साखरेसह. म्हने, "आता परत सही कर, या रेघेजवळ." मी केली. त्याच दोन इंग्रजी ओळी होत्या, तोच ट्रू, त्याच बॉलपेननं. पन ह्या डाव मले वाक्याचा अर्थ माहीत होता, अन् वर जे लिवलं होतं ते मी स्वतः पायलं होतं.

त्याच्यानंतरचे पाच-साडेपाच तास कसे गेले ते नका इचारू. पोरीच्या हातात सुई टोचून सलाईन लावलं, तिले भूक लागून राहिली होती, ती मले पाहून अजून रडे म्हनून मी खाटेच्या मागं लपे, मंग मलेच राहवत नव्हतं. तीन नंबर म्हनजे नाकाडोंगरीवाल्या बाईचा पोट्टा आत गेला. ती माह्यापाशी येऊन बसली, म्हने, "बाई, तुह्या दह्यानं माह्या पोराचा नंबर लवकर लागला, नाईतर पोहे-पोहे करून त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला असता." मी हासू का रडू. तिनं माह्या पाठीवर हात ठेवला, म्हने, "माही सासू असती तर तिनं पोहेच चारले असते."

आत्याबाई बाहेर पायरीवर जाऊन बसल्या होत्या. जेवनाचा डबा उघडला नाई. दीड वाजता मी त्याइच्यापाशी गेली, पानी नेलं. त्या माह्याकडे पाहतच नव्हत्या.

"मी काय तिले मारून टाकत होती का?" त्या म्हनल्या.

"नाई वो आत्याबाई."

"त्या बाईनं सगळ्यायपुढे मले चमचे मोजाले लावले."

"तिले लागत होते म्हनून."

"तू तर सही करून देल्ली होती न पयले? मंग दारात जाऊन काहून सांगतलं?"

"भेव लागलं."

आत्याबाईनं पानी घेतलं, अर्धं पेल्या, उरलेलं तोंडावर मारलं. म्हने, "मले बी लागलं होतं. तू टेबलापाशी नाई म्हनली न, तवाच लागलं. मले वाटलं तू सांगशीन. तू नाई सांगतलं तर मीही नाई सांगतलं."

 पायरी तापली होती तरी आमी दोघी तिथंच बसून रायलो. आतून पोरीचा आवाज येई, रडून रडून घोगरा झालेला, अन् दर खेपेले आत्याबाई उठत अन् पुन्हा बसत.

अडीच वाजले, कोनी आलं नाई. पावने तीन झाले, मी सिस्टरले इचारायले गेली तं ती म्हने, मले माहीत नाई, अन् माहं तोंड पाहून म्हने, खरंच नाई माहीत वं, लपवून नाई राहिली. तीन वाजले. मी मनात वापस जायचं सामान बांधून टाकलं होतं, आशाताईले काय सांगाचं, गावात काय सांगाचं, सगळं. तीन वाजून दहा मिनिटानं तीच बुटकी डॉक्टर बाई आली, मास्क गळ्यात, तवा मले तिचं तोंड दिसलं, माह्यापेक्षा फार मोठी नव्हती. म्हने, "सर थांबलेत. आण तिला." मी उठेपर्यंत पोरीले आत्याबाईनंच उचललं. दारात तिनं पुन्हा इचारलं, "साडेआठनंतर?" अन् आत्याबाईनं माह्या आधी उत्तर देल्लं, "थेंब नाई. माह्या पोराची आन."

"आण नको आजी," डॉक्टर बाई म्हनली, "नुसतं नाही म्हणा."

"नाई," आत्याबाई म्हनल्या.

दीड तासानं पोरीले बाहेर आनलं. नाक सुजलेलं, ओठावर काळे काळे टाके, वर पट्टी. मी पायलं अन् मले ती वळखूच आली नाई. खोटं कायले बोलू, मी दोन मिनिट तिले घ्यायले हात पुढे केलाच नाई, मले वाटलं कोनाचं दुसरंच लेकरू माह्या पुढ्यात ठेवून राहिले. पाच महिने मी त्याच फाटक्या तोंडाले पाजलं होतं, ती हासे तवा ती फट रुंद होई अन् आतली हिरडी दिसे, मले तेच तिचं हासू वाटत होतं. आत्याबाई म्हनल्या, "घे वं, आपलीच आहे, कानामागचा तीळ पाय." मी तीळ पायला अन् मंग घेतली.

चौथ्या दिवशी गावी आलो. दारात बाया जमल्या, ह्या डाव पदर उचलून नाई, सरळच पाहून राहिल्या होत्या. शेजारच्या बाईनं इचारलं, "सकाळचं ऑपरेशन होतं म्हनत होते, मंग संध्याकाळ काहून झाली? आमाले इकडे घोर."

आत्याबाई पोरीचा पाळना हालवत म्हनल्या, "काय सांगू बाप्पा, मोठे डॉक्टरच उशिरा आले."

मी चहा घेऊन येऊन राहिली होती. त्याइनं माह्याकडे पायलं. मी ट्रे खाली ठेवला, सगळ्याइले कप देल्ले. काही बोलली नाई. तिथं कोनाचा श्वास अटकून नव्हता.

पन दवाखान्यातून येताना त्या डॉक्टर बाईनं सांगतलं होतं का टाके भरेपर्यंत नुसतं दूध, तेबी चमच्यानं पाजायचं, पाजलं का वरून दोन चमचे उकळलेलं पानी द्यायचं, अन् किती वाजता काय देल्लं ते लिवून ठेवायचं, पुढच्या तपासनीले पायते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिवत होती, सहा वाजता दूध आठ चमचे, नऊ वाजता दूध सहा चमचे, नाकातून आलं नाई. माहं अक्षर मोठं, एका दिवसाच्या घरात मावत नव्हतं, मंग मी मागच्या महिन्याचं पान उलटून त्याच्यावर लिवायले लागली.

आठ दिवसांनी मी बांधीवर डबा देऊन वापस आली, दुपारची येळ होती, पोरगी झोपली होती. आत्याबाई पाळन्यापाशी बसून होत्या. मी आल्याबरोबर त्याइनं माह्याकडे न पाहताच सांगतलं, "लिव. साडेबाराले. वरनाचं पानी, अर्धा चमचा. रडून राहिली होती म्हनून."

मी पेन्सिल घेतली.

"मीठ होतं का त्यात?" मी इचारलं.

त्याइनं पाळन्याले एक झोका देल्ला.

"थोडंसं," त्या म्हनल्या. "अन् अर्धा नव्हता. एक होता."

मी एक लिवलं.